मागे वीतभर ओढली, पुढे खोलीभर धावली: खेळण्यातली गाडी चालते कशी?

कुतूहल
माझी लेक सहा वर्षांची आहे. मागे ओढून सोडायची एक छोटी गाडी तिच्याकडे आहे. काल तिने फरशीवर खडूने रेघ मारली, गाडी वीतभर मागे ओढली आणि सोडली. गाडी खोली ओलांडून थेट समोरच्या भिंतीवर आपटली. तेव्हा तिने विचारलं, "आई, मी एवढीशीच ओढली, मग ती एवढी लांब कशी गेली? बाकीचं कोणी ढकललं?"
"आत स्प्रिंग असते" असं मी सांगितलं खरं, पण माझंच समाधान झालं नाही. रबर ताणून सोडलं की ते आपल्या जागी परत येतं, ताणलं त्याच्या वीसपट पुढे जात नाही. मग ही गाडी कशी जाते? तिला काहीतरी थातुरमातुर सांगून गप्प करायचं नाहीये, म्हणून इथे विचारते.
आणखी एक. तिची दुसरी गाडी बिघडली आहे. मागे ओढायला लागलं की लगेच कट-कट आवाज येतो, आणि सोडल्यावर जागची हलत नाही. उघडून बघायला हरकत नाही ना?

वाचनवेडी
+१. माझ्या भाच्यालाही हाच प्रश्न पडला होता आणि मी विषय बदलला होता. वाचते आहे.

दातेरी
कुतूहलताई, लेकीने अगदी नेमक्या जागी बोट ठेवलंय. सविस्तर लिहितो.
आधी हिशेब करू. गाडी मागे ओढताना हाताला चांगला विरोध जाणवतो. समजा सरासरी २ न्यूटन जोर लागला, म्हणजे साधारण २०० ग्रॅमची वस्तू उचलायला लागतो तेवढा, आणि गाडी २० सेंटीमीटर ओढली. जोर गुणिले अंतर, म्हणजे ०.४ ज्यूल ऊर्जा तुमच्या लेकीच्या हाताने गाडीत भरली. यातली निम्मी गिअरांच्या घासण्यात आणि आवाजात गेली असं धरू. उरली ०.२ ज्यूल. गुळगुळीत फरशीवर ही गाडी नुसती घरंगळत असेल तर तिला होणारा विरोध अगदीच थोडा असतो, समजा ०.०४ न्यूटन. आता ०.२ ला ०.०४ ने भागा. ५ मीटर आले!
म्हणजे बाकीचं कोणीच ढकललं नाही. लेकीने थोड्या अंतरात मोठा जोर लावला, गाडीने तीच ऊर्जा थोड्या-थोड्या जोरात लांबवर पुरवली. आकडे समजण्यापुरते घेतलेत, प्रत्येक गाडीचे वेगळे येतील.
पण ही अदलाबदल आत होते कशी, ते मला सगळ्यात सुंदर वाटतं. प्लास्टिकची ती छोटी डबी उघडलीत तर घड्याळात असते तशी पट्टीची गुंडाळलेली स्प्रिंग दिसेल. जुने घड्याळजी तिला कमान म्हणत. कमानीपासून चाकाच्या दांड्यापर्यंत दातेरी चाकांच्या दोन वाटा असतात, एक भरायची आणि एक सोडायची. गाडी मागे नेली की भरायची वाट जोडली जाते. त्या वाटेने, समजा, चाकाच्या ३ फेऱ्यांत कमानीची १ फेरी आवळली जाते. गाडी सोडली की ती वाट सुटते आणि दुसरी जोडली जाते. तिथे कमानीच्या १ फेरीत चाकाच्या १२ फेऱ्या होतात. चाकाचा परीघ ६ सेंटीमीटर असेल तर मागे १८ सेंटीमीटर आणि पुढे ७२.
वाट बदलणारा वेगळा खटका किंवा बटण नसतं. एका दातेरी चाकाचा दांडा गोल भोकाऐवजी लांबट खाचेत बसवलेला असतो. शेजारचं चाक ज्या दिशेने फिरेल त्या दिशेला ते खाचेत सरकतं. मागे ओढताना एका टोकाला, सोडल्यावर दुसऱ्या टोकाला. निव्वळ एका लांबट भोकाने केवढं काम केलंय बघा.
आता ७२ सेंटीमीटरनंतर काय? कमान संपली की ते सरकतं चाक दातांतून बाहेर पडतं आणि गाडीची चाकं मोकळी होतात. तिथून पुढचे तीन-चार मीटर गाडी नुसत्या मिळालेल्या वेगावर घरंगळते. तुमची रबराची उपमा इथेच सुटली होती, कारण रबर गाडीला घरंगळायला मोकळं सोडत नाही.
दुसऱ्या गाडीबद्दल: पूर्ण भरल्यावर कट-कट येत असेल तर ते ठीक आहे. जास्त ओढून कमान तुटू नये म्हणून बऱ्याच गाड्यांत तशी सोय असते. पण ओढायला लागताक्षणी येत असेल तर दात एकमेकांवरून उड्या मारताहेत. जरूर उघडा. आधी मागच्या दांड्याला केस गुंडाळले गेलेत का ते बघा. कमानीची डबी मात्र उघडू नका, ती भसकन बाहेर येते आणि पट्टीची कड बोट कापते.

कुतूहल
दातेरीदादा, फार आभार. "थोड्या अंतरात मोठा जोर, लांब अंतरात थोडा जोर" हे तिला जिना आणि उताराचं उदाहरण देऊन सांगून बघते.
अजून एक विचारू? माझ्या लहानपणी जमिनीवर पुढेच दोन-तीन वेळा घासून सोडायची गाडी असायची. घर्रर्र आवाज करत जायची. तिच्यातही हेच असतं का?

भोवरा
नाही, ती जातच वेगळी. तिच्यात कमान नसतेच. एक जड धातूची चकती असते, तिला फ्लायव्हील म्हणतात. तुम्ही गाडी पुढे घासता तेव्हा चाकाची एक फेरी गिअरांतून चकतीच्या कितीतरी फेऱ्या बनते. घर्रर्र आवाज त्या वेगाने फिरणाऱ्या दातांचा. सोडलं की चकती उलट चाकांना फिरवायला लागते.
हिला फ्रिक्शनची गाडी म्हणतात, त्यामुळे अनेकांना वाटतं ती घर्षणाच्या शक्तीवर चालते. तसं नाही. चकतीचा तर घर्षण हा शत्रूच.
दातेरींसारखा हिशेब मीही करतो. १५ ग्रॅमची, १ सेंटीमीटर त्रिज्येची चकती मिनिटाला १०,००० फेऱ्यांनी फिरत असेल तर तिच्यात जवळजवळ ०.४ ज्यूल ऊर्जा असते. आता गंमत अशी की ही ऊर्जा फेऱ्यांच्या वर्गाच्या पटीत वाढते. वेग निम्मा केला तर ऊर्जा निम्मी नाही, पाव होते. म्हणून एकदा हळूच घासलेली गाडी जेमतेम हातभर जाते, आणि लागोपाठ तीन वेळा जोरात घासलेली खाटेखाली गडप होते. प्रत्येक घासणीला चकती आधीच फिरत असते, तिच्यात वेगाची भर पडत जाते.
दोन्ही ओळखायची सोपी खूण: भरून गाडी हवेतच उचलून धरा. मागे ओढायच्या गाडीची चाकं क्षणात सुर्रकन फिरतात आणि तिचा खेळ संपतो. चकतीवाली हातात बराच वेळ घरघरत राहते, आणि मग खाली ठेवली तरी धावते.
ही युक्ती जुनी आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या ओहायो राज्यात, डेटन शहरात, अशा चकतीवर चालणाऱ्या पत्र्याच्या आणि लाकडाच्या गाड्या बनत असत. बॅटरी नको, किल्ली हरवायची भीती नको.

जुनी_किल्ली
किल्लीचा विषय निघालाच आहे तर थोडं माझ्या आवडीचं लिहिते.
किल्लीच्या गाडीतही कमानच असते, पण ती भरायचं काम चाकाऐवजी किल्ली करते. किल्ली फिरवताना येणारी कर्र-कर्र एका तिरप्या दातांच्या चाकाची आणि त्यात अडकणाऱ्या खटक्याची असते. खटका चाकाला एकाच दिशेला जाऊ देतो, म्हणून तुम्ही बोटं सोडलीत तरी कमान उलगडत नाही. चाकातून भरायचं नसल्यामुळे कमान लांब आणि दणकट ठेवता येते, आणि गाडी मिनिटभरसुद्धा संथ चालू शकते. मागे ओढायच्या गाडीचा भर एका दमात निघून जातो.
माझा जीव मात्र टेबलाच्या काठावरून न पडणाऱ्या गाडीवर आहे. जर्मनीतल्या न्युरेम्बर्गच्या शुको कंपनीने १९३० च्या दशकात अशी किल्लीची गाडी काढली. ती टेबलावर धावते, काठाशी येते, आता पडणार म्हणून आपण हात पुढे करतो, आणि ती वळून परत आत येते. ना सेन्सर, ना सेल. गाडीच्या नाकाखाली एक छोटं चाक आडवं बसवलेलं असतं आणि ते कमानीवर सतत फिरत असतं, पण एरवी टेबलाला टेकत नाही, कारण त्याच्या पुढचा आधार नाक वर उचलून धरतो. तो आधार काठाबाहेर गेला की नाक किंचित खाली येतं, आडवं चाक टेबलाला टेकतं आणि नाकाला बाजूला ओढून नेतं. आधार पुन्हा टेबलावर आला की आडवं चाक उचललं जातं, गाडी सरळ.
त्याच कंपनीची १९३६ ची एक्झामिको तर बीएमडब्ल्यू ३२८ च्या धर्तीवर होती. तिच्यात पुढचे चार गिअर, एक रिव्हर्स आणि क्लच होता. किल्लीच्या खेळण्यात! ज्या कोणी हे जुळवलं त्यांना माझा मनापासून नमस्कार.

उतारप्रेमी
सगळे शक्ती आत भरायच्या मागे लागलात, पण ज्या गाडीत काहीच नसतं तिचं काय?
मॅटेल कंपनीने १९६८ मध्ये हॉट व्हील्स आणल्या तेव्हा त्यांची करामत मोटारीत नव्हतीच. त्या पहिल्या गाड्यांचे आस बारीक पोलादी तारेचे होते आणि चाकं गुळगुळीत प्लास्टिकवर फिरायची. त्यामुळे विरोध इतका कमी की नुसत्या उतारावर सुसाट सुटायच्या. ३५ ग्रॅमची गाडी १ मीटर उंचीवर ठेवली की तिच्यात ०.३४ ज्यूल ऊर्जा आलीच. बघा, भोवरा यांच्या चकतीच्या जवळपास! कुठलाही विरोध नसता तर खाली येताना वेग सेकंदाला ४.४ मीटर असता.
आणि रुळावर उभा गोल लावायचा असेल तर एक नियम आहे: गोलाची जितकी त्रिज्या, त्याच्या किमान अडीचपट उंचीवरून गाडी सोडायला हवी, नाहीतर ती माथ्यावर रूळ सोडून खाली पडते. हा आकडा विरोध शून्य धरून आहे, घरी करताना तीनपट किंवा त्याहून जास्त धरा.
जड गाडी उतारावर नेहमीच जोरात जाते.

दातेरी
उतारप्रेमी, शेवटच्या वाक्याशी सहमत नाही. विरोध नसेल तर वजनाने काहीच फरक पडत नाही. ओढ जास्त तसं हलवायचं वस्तुमानही तितकंच जास्त. जड गाडी पुढे जाते ती हवेच्या विरोधाला ती कमी दाद देते म्हणून. पण आस जाडेभरडे असतील तर वजनाने त्यांचं घासणंही वाढतं. चाकं जड असतील तर आणखी तोटा, कारण थोडी ऊर्जा चाकं फिरवण्यातच अडकते. वजन हवं ते गाडीच्या अंगात.

उतारप्रेमी
मान्य. "नेहमीच" मागे घेतो. चाकांचा मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता, आज दोन गाड्यांवर करून बघतो.

सेलवाला
मग आमच्या सेलवाल्या गाड्यांबद्दलही लिहायला हवं.
वर ज्यांचा हिशेब झाला त्या सगळ्या गाड्यांत अर्ध्या ज्यूलच्या आतला कारभार आहे. पेन्सिल सेल म्हणतो तो एक अल्कलाइन सेल घ्या. त्यात साधारण १०,००० ज्यूल असतात. वीस हजारपटीहून जास्त! म्हणून सेलची गाडी तासन्‌तास फिरते आणि तुम्ही तिला भरत बसत नाही.
आतली मोटर सहसा अंगठ्याच्या पेराएवढी असते. दोन्ही बाजूंना चुंबक, मध्ये तारेची गुंडाळी आणि गुंडाळीतल्या विजेची दिशा प्रत्येक अर्ध्या फेरीत उलटवणारे बारीक पत्र्याचे ब्रश. ही मोटर १.५ व्होल्टवर मोकळी सोडली तर मिनिटाला सुमारे ९,००० फेऱ्या मारते. ९ सेंटीमीटर परिघाचं चाक थेट तिच्या दांड्यावर बसवलं तर कागदावर ताशी ४८ किलोमीटर वेग येतो. प्रत्यक्षात गाडी जागची हलणारच नाही, कारण मोटारीत फेऱ्या भरपूर आणि पीळ, म्हणजे फिरवायचा जोर, जेमतेम. म्हणून मोटारीवर चिमुकलं दातेरी चाक, त्याला मोठं, त्याला पुन्हा छोटं, अशी उतरंड लावतात. फेऱ्या द्यायच्या आणि जोर घ्यायचा.
एक गोष्ट पालकांनी लक्षात ठेवावी. मोटर फिरू न देता अडवून धरली तर ती मोकळी फिरताना घेते त्याच्या दहापट वीज ओढते. चाकात गालिच्याचे धागे अडकले आणि गाडी नुसती गुरगुरत असेल तर लगेच बटण बंद करा. मोटर तापते, सेल तासाभरात गळपटतात.
आणि हे कळकळीने सांगतो: बटणासारखे चपटे लिथियमचे सेल असलेली खेळणी, रिमोट, काहीही असो, झाकण स्क्रूने घट्ट आहे ना ते आधी बघा. असा सेल गिळला गेला आणि घशात अडकला तर दोन तासांत अन्ननलिका आतून भाजते. शंका जरी आली तरी वाट न बघता दवाखाना गाठा.

वाचनवेडी
शेवटच्या परिच्छेदासाठी धन्यवाद. आत्ताच उठून घरातले तीन रिमोट तपासले.

रूळकरी
स्लॉट कार, म्हणजे खाच असलेल्या रुळावर धावणाऱ्या गाड्या, राहिल्या. त्यांच्यात ना कमान ना सेल, फक्त मोटर. वीज रुळातल्या दोन धातूच्या पट्ट्यांतून येते आणि गाडीखालच्या मऊ तारेच्या वेण्या ती उचलतात. स्कॅलेक्स्ट्रिक नावाच्या अशा गाड्या १९५७ पासून आहेत. हातातला खटका दाबू तितकी वीज. वळणावर लोभ केला की गाडी रुळाबाहेर.
आणि जपानच्या तामिया कंपनीची १९८२ ची मिनी फोर-डब्ल्यूडी: एकच मोटर, दांड्याने चारही चाकांना जोर, स्टिअरिंग नाहीच. बाजूच्या छोट्या रोलरांनी भिंतीला घासत ती वळते.

प्रश्नचिन्ह
माझ्या मुलाला भेट मिळालेली गाडी "मिठाच्या पाण्यावर चालते" असं खोक्यावर लिहिलंय. खरंच चालते, मी बघितलं. मीठ हे इंधन आहे का? आणि रिमोटची स्वस्तातली गाडी पुढे सरळच का जाते, वळते ती फक्त मागे येताना?

सेलवाला
मीठ इंधन नाही. आत एक राखाडी पट्टी असेल, ती मॅग्नेशियमची. मॅग्नेशियम आणि हवेतला ऑक्सिजन यांच्या रासायनिक क्रियेतून वीज येते. मिठाचं पाणी दोघांमधला दुवा, त्यातून विद्युतभार इकडून तिकडे जातो. काही तास चालवून पट्टी काढून बघा, ती झिजलेली असेल आणि पाण्यात पांढरा गाळ साचलेला असेल. पट्टी संपली की कितीही मीठ घाला, गाडी उभी. खेळून झालं की पट्टी काढून धुऊन पुसून ठेवा.
रिमोटच्या त्या गाडीत एकच मोटर असते, वळवायला वेगळं काही नसतं. पुढचा आस थोडा सैल बसवतात. पुढे जाताना तो सरळ राहतो, मागे येताना एका बाजूला कलतो आणि गाडी वळते. जुन्या साध्या रिमोटमध्ये २७ किंवा ४९ मेगाहर्ट्झ कंप्रतेच्या रेडिओलहरी असायच्या. दोन मुलांच्या गाड्या एकाच कंप्रतेच्या असल्या की एकाच्या रिमोटने दोन्ही धावायच्या आणि भांडणं व्हायची. आताच्या २.४ गिगाहर्ट्झवाल्या गाड्या आपला रिमोट ओळखतात.

भोवरा
एवढं सगळं झालं, पण कुतूहलताईंच्या लेकीचा "कोणी ढकललं?" अजून पूर्ण सुटलेला नाही असं मला वाटतं. कमान, चकती, मोटर चाकाला फिरवतात. गाडीला पुढे ढकलते ती फरशी.
पटत नसेल तर हा प्रयोग करा. टेबलावर चार-पाच गोल पेन्सिली आडव्या ठेवा, त्यावर एक पुठ्ठा, पुठ्ठ्यावर भरलेली गाडी. सोडा. पुठ्ठा मागे पळतो! चाक जमिनीला मागे ढकलतं, जमीन चाकाला पुढे. एरवी जमीन हलत नाही म्हणून आपल्याला ते दिसत नाही.
याच कारणाने मागच्या चाकांवर रबराची कडी असते. ती निघाली की चाकं जागेवरच फिरतात आणि भरलेली ऊर्जा वाया जाते. फुग्याच्या गाडीला मात्र रबरी चाकं लागत नाहीत. तिथे चाकं फक्त घरंगळतात, ढकलते ती मागे सुटणारी हवा.

कुतूहल
सगळ्यांना मनापासून धन्यवाद. दोन दिवस आम्ही दोघी हेच करत होतो.
बिघडलेली गाडी उघडली. दातेरीदादा म्हणाले तेच निघालं. मागच्या दांड्याला केसांचा पुंजका इतका घट्ट बसला होता की दातेरी चाक बाजूला सरकलं होतं. चिमट्याने ओढून काढला आणि कट-कट गेली. कमानीच्या डबीला हात लावला नाही. पण अर्धपारदर्शक प्लास्टिकमधून ती लांबट खाच दिसते! लेक गाडी हातात धरून चाक पुढे-मागे फिरवते आणि छोटं चाक खाचेत सरकताना बघत बसते.
पुठ्ठ्याचा प्रयोग पहिल्यांदा फसला, पेन्सिली षट्कोनी होत्या. स्केचपेन घेतल्यावर पुठ्ठा टेबलाखाली गेला.
मग फरशीवर पुन्हा खडू. तिने स्वतः शोधून काढलं की सुरुवातीला आवाज येतो आणि मग गाडी गप्प होते. आवाज थांबला त्या जागी तिने फुली मारली. आमच्या गाडीत ती फुली ८० सेंटीमीटरवर आली आणि गाडी थांबली ४ मीटर १० सेंटीमीटरवर. गालिच्यावर फुली तिथेच आली, गाडी मात्र दीड मीटरवरच थांबली.

दातेरी
वा! फुली दोन्हीकडे तिथेच आली हे फार छान निरीक्षण आहे. कमानीच्या फेऱ्या ठरलेल्या, चाक घसरलं नाही तर जमीन कुठलीही असो, ढकलायचं अंतर तेवढंच. आता मागच्या चाकांच्या बरोबर वर एक नाणं चिकटवून बघायला सांगा.

कुतूहल
बघितलं. सुटताना चाकं घसरल्याचा जो चर्र आवाज यायचा तो बंद झाला. गाडी मात्र ३ मीटर ६० वरच थांबली. आता दुसरं नाणं शोधते आहे.